नातवाच्या वाट्याला सव्वा रुपया

आषाढ-श्रावणात कृष्णा-पंचगंगेला पाणी चढू लागले, की आमच्या नृसिंहवाडीत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘‘पाणी कुठवर आलं?’’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही सहसा फुटांत देत नाही. घाटाच्या पायऱ्या किती उरल्या, मंडपात पाणी शिरले का, पादुकांना लागले का, ही आमची मापे. उत्तरेकडून मंदिरात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले, की दक्षिणद्वार सोहळा होतो. पाणी चढताना झाला तर चढता आणि ओसरताना झाला तर उतरता. कोल्हापूर-सांगलीकडची माणसे, सीमेपलीकडच्या कर्नाटकातली माणसे, मध्यरात्र असो की पहाट, त्या दाराशी स्नानाला येतात. नदी स्वतः देवदर्शनाला येते, अशी आमची भावना. पाण्याशी इतके घरोब्याचे नाते असलेली गावे थोडीच असतील.

पण देवाच्या पायांशी आलेले पाणी आणि आपल्या चुलीशी आलेले पाणी यांत फरक असतो. तो फरक आम्हांला २००५ साली कळला, २०१९ साली पुन्हा कळला आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच २०२१ साली तिसऱ्यांदा कळला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फूट ३ इंचांवर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा २०१९ साली साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढली. वरून या दोन्ही नद्या येऊन आमच्या दाराशी एकमेकींना भेटतात, तेव्हा आमची अवस्था काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी जूनमध्ये मी बॅंकेतून निवृत्त झालो होतो. आता निवांत लिहीत बसायचे, असा बेत होता. ऑगस्टचे ते दिवस आम्ही जयसिंगपुरात नातेवाइकांकडे काढले. परतलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ, आणि त्या गाळात माझी जुनी पत्र्याची पेटी. पेटीत अप्रकाशित कादंबरीचे हस्तलिखित होते. त्याचा लगदा झाला होता. मराठी साहित्याचे त्यात काही नुकसान झाले असेल, असे मला वाटत नाही. पण त्याखाली बॅंकेच्या नोकरीत सदैव जवळ बाळगलेली एक पुस्तिका होती : वटावाची कोष्टके. पाने एकमेकांना चिकटली होती, आकडे मात्र वाचता येत होते. ओसरीवर ती पाने वाळत घालताना मला प्रथमच वाटले, की गावावर आलेल्या या पाण्याचा आणि या आकड्यांचा काहीतरी संबंध आहे. तो संबंध काय, हे समजून घेण्यात निवृत्तीनंतरची काही वर्षे गेली. आजचा लेख त्याबद्दल.

वटाव हा शब्द नव्या पिढीला कदाचित माहीत नसेल. कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी गुजरातेतल्या पेढीवर नव्वद दिवसांच्या मुदतीची एक लाखाची हुंडी लिही. पैसे तीन महिन्यांनी मिळणार, पण त्याला निकड आजची. तो हुंडी घेऊन बॅंकेत येई. सोळा टक्के दर धरला, तर आम्ही चार हजार कापून त्याच्या हातावर शहाण्णव हजार ठेवत असू. तीन महिन्यांनंतरच्या लाखाची आजची किंमत शहाण्णव हजार. हा झाला वटाव. व्याज पुढच्या दिशेने चालते, वटाव मागच्या दिशेने. व्याजाने आजचा रुपया उद्या वाढतो, वटावाने उद्याचा रुपया आज आक्रसतो. तीन महिन्यांच्या हुंडीला हे शास्त्र अगदी चोख आहे. प्रश्न येतो तो हुंडी शंभर वर्षांची असते तेव्हा.

अशी हुंडी असते का? असते. चिमणीतून किंवा मोटारीच्या नळीतून आज बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शेकडो वर्षे हवेत टिकून राहतो, आणि तितका काळ पृथ्वीला उबदार ठेवण्याचे, किंबहुना उकडवण्याचे, काम करीत राहतो. म्हणजे आज हवेत सोडलेला प्रत्येक टन ही आपण नातवंडा-पतवंडांवर लिहिलेली हुंडीच. ती किती रकमेची, हे काढण्याचा खटाटोप अर्थशास्त्रज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षे करीत आहेत. त्याला ते ‘कार्बनची सामाजिक किंमत’ म्हणतात. एक टन जादा वायू हवेत गेला, तर जगाचे एकूण किती रुपयांचे नुकसान होईल, एवढाच हा प्रश्न.

हिशेबाच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, पुढे लोकसंख्या किती, उत्पन्न किती, धूर किती. दुसरी, त्या धुराने तापमान किती वाढेल. तिसरी, वाढलेल्या तापमानाने शेती, आरोग्य, घरेदारे, किनारे यांची हानी किती. आणि चौथी, वर्षावर्षाला होणाऱ्या या हानीला वटाव लावून तिची आजची किंमत किती. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस यांनी नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी या चारही पायऱ्या एका गणितात बांधल्या. त्यांच्या प्रतिमानाचे नाव ‘डाइस’, म्हणजे फासे. या कामासाठी त्यांना २०१८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असा हिशेब कोणीतरी मांडला हे फार मोठे काम झाले, यात शंका नाही. कारण ज्या गोष्टीची किंमत काढली जात नाही ती सरकारी कागदावर अमोल ठरत नाही, ती फुकट ठरते.

पण चौथ्या पायरीशी माझ्यासारखा जुना बॅंकवाला थबकतो. शंभर वर्षांनी एक लाख रुपयांचे नुकसान होणार आहे असे धरा. त्याची आजची किंमत किती? दोन टक्के वटाव लावला, तर सुमारे १३,८०० रुपये. तीन टक्क्यांनी ५,२००. पाच टक्क्यांनी ७६०. सात टक्क्यांनी ११५. आणि आपल्याकडे रस्ते-पुलांच्या प्रकल्प अहवालांत जी बारा टक्क्यांची कसोटी लावण्याचा प्रघात आहे, ती लावली तर? जेमतेम सव्वा रुपया. गणकयंत्र दोनदा दाबून पाहिले, उत्तर तेच. देवापुढे आपण सव्वा रुपया ठेवतो त्यामागे निदान भाव तरी असतो. इथे नातवाच्या पडलेल्या घरापुढे आपण सव्वा रुपया ठेवतो, आणि तो देऊन हिशेब पुरा झाला असे मानतो.

हा दर ठरवण्यावरून जगातल्या विद्वानांत मोठा वाद झाला. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी एक अहवाल दिला. काही न करता बसलो तर दरसाल जगाच्या उत्पन्नाच्या किमान पाच टक्के आणि कदाचित वीस टक्क्यांपर्यंत नुकसान होईल, आणि उपाय करायचे तर खर्च एखादा टक्का येईल, असा त्याचा निष्कर्ष. लगेच नॉर्डहाउस यांनी बोट ठेवले, की हा सारा खेळ वटावाच्या दराचा आहे. स्टर्न यांनी दर धरला होता सुमारे १.४ टक्के, नॉर्डहाउस यांचा चार टक्क्यांच्या वर. शंभर वर्षांनंतरचा लाख पहिल्या दराने आज २४,९०० ठरतो, चार टक्के धरले तरी दोन हजारसुद्धा भरत नाही. बारा पटींचा फरक. हवामानाच्या शास्त्रात दोघांत फारसा वाद नव्हता. वाद होता तो उद्याच्या माणसाला आज किती मोजायचे, यावर.

नॉर्डहाउस यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ते म्हणतात, दर बाजारात दिसतो तोच धरा. लोक प्रत्यक्षात भविष्याला किती मोजतात, ते तिथे कळते. शिवाय पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असणार. माझ्या आजोबांना शंभर रुपये म्हणजे मोठी रक्कम, माझ्या नातवाला ती बटाटेवड्याची. मग गरीब आजोबांनी श्रीमंत नातवासाठी किती पोटाला चिमटा घ्यावा? तोच पैसा शाळा, दवाखाने, कारखाने यांत घातला तर नातू अधिक सुखी होणार नाही का?

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक चोरवाट आहे. तो पैसा खरोखर गुंतवला पाहिजे, आणि त्याची पावती ज्याचे नुकसान होणार त्याच्याच नावावर हवी. धूर काढला एकाने, नफा झाला दुसऱ्याला, आणि पाणी शिरले तिसऱ्याच्या घरात. अशा वेळी तिसऱ्याच्या नावे ठेवपावती कुठल्या बॅंकेत आहे? बॅंकेत छत्तीसहून अधिक वर्षे काढली, मला तरी ती दिसली नाही. नाही म्हणायला, हवामानाने होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी जागतिक निधी काढायचे २०२२ साली इजिप्तमधल्या परिषदेत ठरले, आणि २०२३ साली दुबईत त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ५,९५० कोटी रुपये. आता दुसरा आकडा पाहा. २०१९ च्या एका पुरासाठी एकट्या महाराष्ट्र सरकारने केंद्राकडे मागितलेली मदत होती ६,८१३ कोटी रुपयांची. त्यातले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांसाठी. साऱ्या जगाची ठेव, आणि एका राज्याच्या एका पावसाळ्यालाही ती अपुरी!

पुढची पिढी श्रीमंत होईल, हेही सरासरीचे बोलणे. ज्याचे घर २०१९ ला पडले, ज्याने कर्ज काढून ते उभे केले आणि २०२१ ला ज्याच्या उसात पुन्हा पाणी थांबले, तो माणूस दरसाल चार टक्क्यांनी श्रीमंत होत नसतो. हानी त्याची वाढते आणि वटाव मात्र त्याला शहरातल्या श्रीमंताच्या दराने लागतो.

तिसऱ्या पायरीविषयीही दोन शब्द. नॉर्डहाउस यांच्या २०१७ च्या मांडणीत तीन अंश तापमानवाढीने जगाच्या उत्पन्नाची हानी होते सुमारे २.१ टक्के, आणि सहा अंशांनी ८.५ टक्के. सहा अंश म्हणजे पृथ्वी ओळखू येणार नाही इतका बदल, आणि नुकसान रुपयाला साडेआठ पैसे! कारण गणित चालते सरासरीवर. आमच्या गावाला सरासरी कधी बुडवत नाही. सरासरी तापमान वाडीला जाणवतही नाही. आम्हांला बुडवतात ते पन्नास वर्षांतले दहा दिवस. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण तो पडतो मात्र एकदम.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा पूर सगळा धुरामुळे आला, असे मी म्हणत नाही. धरणांतला विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा, पूररेषेतली बांधकामे, नदीच्या वाटेत टाकलेले रस्त्यांचे भराव या सर्वांवर आमच्याकडे चावडीपासून समित्यांपर्यंत वाद झाले आहेत आणि होत राहतील. त्यातले पुष्कळसे दोष आपल्या घरचे आहेत आणि ते आपणच निस्तरायचे आहेत. पण आजारी माणसाला पथ्य सांगताना त्याच्या उशाशी चूल पेटती ठेवली, तर ते पथ्य काय कामाचे?

आता हा आकडा प्रत्यक्षात कसा नाचला, ते पाहू. अमेरिकी सरकारने २०१० साली सर्व खात्यांसाठी मिळून एका टनाची मधली किंमत धरली २१ डॉलर. २०१७ नंतरच्या राजवटीत ती झाली एक ते सात डॉलर. २०२१ साली पुन्हा ५१. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने ती १९० डॉलर ठरवली. आणि जानेवारी २०२५ मध्ये हा हिशेब करणारा कार्यगटच बरखास्त झाला. वायू तोच, पृथ्वी तीच. नवे संशोधन थोडे आले हे खरे, पण मुख्य फरक दोन गोष्टींनी पडला : वटावाचा दर कोणता, आणि कोणाचे नुकसान मोजायचे. एक ते सात डॉलरच्या हिशेबात फक्त अमेरिकेच्या हद्दीतले नुकसान धरले होते. म्हणजे तिथल्या धुराने आमच्या घाटावर पाणी चढले, तर त्याची नोंद शून्य. आमच्या शाखेत कोणी अशी खतावणी लिहिली असती, तर तपासनिसाने त्याला घरी बसवले असते.

आणि माणूस मोजायची वेळ आली तेव्हा? १९९५ साली हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा दुसरा अहवाल तयार होत होता. त्यातल्या एका प्रकरणात श्रीमंत देशातल्या माणसाच्या जिवाची किंमत गरीब देशातल्या माणसाच्या सुमारे पंधरा पट धरली होती. आपले तेव्हाचे पर्यावरणमंत्री कमलनाथ यांनी त्याला लेखी आक्षेप घेतला, इतरांनीही आवाज उठवला. २०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, पुरातून सुटका करणारी बोट उलटून माणसे गेली. त्यांच्यात बायाबापड्या होत्या, लेकरे होती. एकाच्या जिवाला एक आणि दुसऱ्याच्या जिवाला पंधरा, हे कोष्टक त्या गावात जाऊन वाचून दाखवायची हिंमत कोणा अर्थशास्त्रज्ञाला होईल?

‘‘हे सगळं ठीक आहे, पण यात आमच्या घराचा काय संबंध?’’ असे वाचक विचारतील. मलाही माझ्या सुनेने विचारले. म्हणून एका रविवारी आम्ही घरचा हिशेब मांडला. गॅसचे सिलिंडर वर्षाला आठ. एका सिलिंडरमागे साधारण ४२ किलो वायू. वीज महिन्याला शंभर युनिट. कोळशावर चालणाऱ्या आपल्या केंद्रांमुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो. दुचाकीला पेट्रोल महिन्याला पंधरा लिटर, लिटरमागे २.३ किलो. बेरीज वर्षाला सुमारे १.६ टन. एका टनाला एक डॉलर धरला तर आमची हुंडी वर्षाला १३६ रुपयांची. ५१ डॉलरने सहा हजार नऊशे. १९० डॉलरने जवळजवळ सव्वीस हजार! सुनेने कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली, ‘‘बाबा, हे बिल खरं कोणतं?’’ हाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विज्ञानापेक्षा आपल्या नियतीवर अधिक अवलंबून आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते : आपण गरीब देश, माणशी दोन टनांच्या आसपास धूर काढतो, अमेरिकन माणूस त्याच्या सातपट, आधी त्यांनी भरावे. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बनची किंमत देशवार वाटून दाखवली, तेव्हा सर्वांत मोठा वाटा आला तो भारताचा : टनामागे सुमारे ८६ डॉलर, अमेरिकेचा ४८. म्हणजे धूर कोणीही काढो, फटका सर्वांत जास्त आपल्याला. मग हा आकडा ठासून मांडण्याची गरज आपल्यालाच अधिक नाही का? आपल्याकडे कोळशावर २०१० साली टनाला ५० रुपये उपकर बसला; २०१६ पर्यंत तो ४०० झाला. नाव स्वच्छ ऊर्जेचे, स्वच्छ पर्यावरणाचे. २०१७ पासून तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला, कोळशावरचा जीएसटी पाचावरून अठरा टक्के झाला. एक टन कोळशातून दीड टनाच्या आसपास वायू निघतो. म्हणजे ४०० रुपये होते तेव्हासुद्धा वायूच्या टनाला आपण पावणेतीनशे रुपयेही मोजत नव्हतो. कर असतो, पण तो कशाची किंमत म्हणून आहे, हे कोणी सांगत नाही.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

१९९१ ची गोष्ट. याच भागातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचा अधिकारी होतो. नदीकाठच्या गावातला एक म्हातारा शेतकरी आला. त्याला अठरा हजार रुपये हवे होते, घराचे जोते चार फूट उंच करायला. भिंती मातीच्या होत्या, तेवढा भागही दगडात बांधायचा होता. मी विचारले, ‘‘आजोबा, म्हैस घ्या, मोटार घ्या, लगेच मंजूर करतो. जोत्याला कशाला कर्ज?’’ तो म्हणाला, ‘‘सायेब, माझं काय ऱ्हायलंय? नातवाच्या अंथरुणाखाली पाणी येऊ नये, एवढंच बघतोय.’’ अर्जात एक रकाना होता : ‘या कर्जामुळे वार्षिक उत्पन्नात होणारी वाढ’. मी तिथे ‘निरंक’ लिहिले आणि अर्ज नामंजूर केला. अनुत्पादक कर्ज. नियमाने मी अगदी बरोबर होतो. म्हातारा उठला, रामराम केला आणि गेला. रागावलासुद्धा नाही.

२००५ च्या पुरात ते घर बसले. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो, पुढे कोणाकडून तरी कळले. म्हातारा त्याच्या आधीच गेला होता. त्या अर्जात न झालेल्या नुकसानीसाठी रकानाच नव्हता. असता, तरी बारा-पंधरा टक्क्यांच्या वटावाने मी त्यात काय भरले असते? पुस्तिका काढून हिशेब केला. चौदा वर्षांनंतरच्या लाखाची पंधरा टक्क्यांनी आजची किंमत चौदा हजार. अठरा हजारांचे जोते बांधून चौदा हजार वाचणार. म्हणजे कोष्टकानेही मला ‘नामंजूर’ हेच सांगितले असते. आठ टक्क्यांनी पाहिले असते, तर चौतीस हजार. मंजूर! एक घर राहणार की जाणार, हे दोन दरांच्या मध्ये कुठेतरी ठरले, आणि दर ठरवणाऱ्याने नदी पाहिली नव्हती.

आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला. कर्ज कितीही जुने असो, सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येत नसे. काळाच्या हाती पैशाचे गुणाकार मोकळे सोडले, तर ते माणसाला गिळतात, हे त्या लोकांनी ओळखले होते. मग काळाच्या हाती भागाकार तरी मोकळे का सोडावेत? इंग्लंडातले गणिती फ्रॅंक रॅम्से यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले, की केवळ उशिरा होणार म्हणून पुढच्या माणसांचे सुख कमी मोजणे नीतीला धरून नाही. ब्रिटिश सरकारच्या नियमांत आज पहिल्या तीस वर्षांसाठी साडेतीन टक्के दर आहे, आणि मुदत लांबेल तसा तो उतरत जातो. आपल्याकडेही हे अवघड नाही. पूल असो, भराव असो, वीजकेंद्र असो, त्याच्या अहवालात तीन ओळी सक्तीच्या कराव्यात : धुराची किंमत किती धरली, पुराची हानी किती धरली, आणि वटाव कोणत्या दराने लावला. तो दर ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा. बॅंकांनी पूरपट्ट्यातल्या घरांच्या जोत्याला कर्ज देताना उत्पन्नाच्या रकान्याशेजारी वाचणाऱ्या नुकसानीचा रकाना छापावा. मला माहीत आहे, तिथे भरलेला आकडा अचूक नसेल. पण ‘निरंक’ हा आकडा निश्चितपणे चूक आहे, एवढे मी अनुभवाने सांगतो.

तीन ऋणांची कल्पना आपल्याकडे आहे. त्यातले पितृऋण गंमतीचे : घेतले मागच्यांकडून, फेडायचे पुढच्यांकडे. त्याला मुदत नाही, आणि माझ्या माहितीत त्याला वटावही नाही.

२०२१ चा पूर ओसरल्यावर मी त्या म्हाताऱ्याच्या गावी गेलो होतो. नातू आता पस्तिशीचा आहे. कोणाकडे कर्ज न मागता, दोन म्हशी विकून त्याने २०१९ नंतर घर पुन्हा बांधले होते, पाच फूट जोत्यावर. ‘‘पाणी कुठवर आलं?’’ मी विचारले. त्याने भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली. गुडघ्याएवढी. ‘‘आत आलं सायेब, पर घर ऱ्हायलं,’’ तो म्हणाला. आजोबांच्या अर्जाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मी ती सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला, मग आत जाऊन चहा घेऊन आला. चहा घेऊन मी निघालो, तेव्हा त्याची लहान मुलगी जोत्याच्या पायऱ्या मोजत खाली उतरत होती.